घरून येतो तवा सांगजो

चिचटोल्याच्या देवाजीचं डोकं मुळात वाईट नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या बांधीत कोणतं धान लावलं होतं आणि त्या साली कोणाच्या म्हशीनं ते खाल्लं, हे तो झोपेतून उठवून विचारलं तरी म्हशीच्या नावानिशी सांगे. फक्त आजचं काही त्या डोक्यात टिकत नसे. चिचटोला ते पवनी सोळा किलोमीटर. निघताना काम डोक्यात असे, आणि पवनीची पहिली घरं दिसेपर्यंत ते कुठंतरी रस्त्यावर सांडून गेलेलं असे.

दोन वर्षांपूर्वी तर तो बायकोच सांडून आला होता. पवनीच्या पेट्रोल पंपावर मोटारसायकलीत पेट्रोल टाकायला आनंदाबाई मागून खाली उतरली. देवाजीनं पेट्रोल भरलं, किक मारली आणि निघाला. बरं, गपचूप नाही. सोळा किलोमीटर तिच्याशी बोलत आला. साळ्याची, म्हणजे तिच्या भावाची, तक्रार केली, तिच्या भाजीला नावं ठेवली, आणि मागून एकही उलट उत्तर येत नाही म्हणून मनाशी म्हणाला, "आज मोठी गुणाची झाली बाप्पा." घरी येऊन खाटेवर बसला, पाणी मागितलं. दुसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्या वेळेस त्याला पेट्रोल पंप आठवला.

आनंदाबाई संध्याकाळच्या एसटीनं आली. अकरा दिवस बोलली नाही. खोटं वाटत असेल तर चिचटोल्यात जाऊन कोणालाही विचारा. फक्त शेजारच्या केवळरामला विचारू नका, तो वाढवून सांगतो. बाराव्या दिवशी ती एवढंच बोलली: "आजपासून तुमाले कायचीच याद मी देणार नाई. विसरा, नाईतर मरा."

आणि ती शब्दाची पक्की होती.

यंदा धान घरात आलं, बांध्यांत लाखोरीचं पीक उगवलं, आणि आनंदाबाईच्या डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं चष्म्याचा नंबर दिला. पवनीत सोमाजी चष्मेवाल्याकडे चष्मा टाकला. आठ दिवसांत तो तयारही झाला. आता काम एवढंच उरलं होतं की कोणीतरी जाऊन तो आणायचा.

"मीच आणतो," देवाजी म्हणाला. "बायकोचा चष्मा आणाले मले दुसरा माणूस कायले पाहिजे?"

पहिल्यांदा गेला तेव्हा वांगी घेऊन आला. दुसऱ्यांदा वांगी घरात आहेत हे विसरून पुन्हा वांगी घेऊन आला. तिसऱ्यांदा मात्र तो थेट सोमाजीच्या दुकानात गेला. तिथं बाकावर बसला, सोमाजीबरोबर दोन कप चहा प्याला, थंडी यंदा कमी आहे यावर दोघांचं एकमत झालं, आणि रिकाम्या हातानं घरी आला. चष्म्याच्या दुकानात तासभर बसून, चारी बाजूंनी चष्मे टकमक बघत असताना!

एवढं होऊनही चाललं असतं. पण येत्या रविवारी मेघाला पाहायला पाहुणे येणार होते. मेघा ही त्यांची एकुलती एक मुलगी. लाखांदूरच्या संगणक केंद्रात शिकवायची. सकाळी साडेसातची एसटी धरायची आणि अंधार पडल्यावर परतायची. मुलगा वरठीच्या कारखान्यात कामाला, नाव मनिष. फोटोत बरा दिसत होता, असं देवाजी म्हणे. आनंदाबाईला फोटोत नुसता पांढरा सदरा दिसला.

"मी सांगून ठेवते," सोमवारी जेवताना ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, कारण देवाजी कुठं बसला आहे हे तिला नीट दिसत नव्हतं. "जावाई मी आपल्या डोळ्यानं पाहीन. मले नाई दिसला तं मी हो म्हणणार नाई. माया बापानंही न पाहताच हो म्हटलं होतं."

देवाजीनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

मेघानं बापाचा मोबाईल हातात घेतला. "बाबा, आता एक ॲप येते. त्याले जागा सांगाची. तुमी त्या जागेवर पोचले की तो आपोआप याद देते."

"जागेवर पोचल्यावर? म्हणजे त्याले कसं समजते मी कुठं आहो?"

"समजते."

"तुया मायले सोळा किलोमीटर समजलं नाई."

"मायले समजलं होतं," भिंतीकडून आवाज आला. "गाडीवाल्याले समजलं नाई."

मेघानं पहिलं ॲप टाकलं. सोमाजीच्या दुकानावर नकाशात खूण केली. मग ते ॲप विचारू लागलं, किती अंतरावरून आठवण द्यायची?

"फुकट आहे ना?" देवाजीनं विचारलं.

"फुकट आहे."

"मंग जास्तीत जास्त कर. कंजुषी कायले?"

मेघा बसल्या बसल्या पेंगत होती. बापानं स्वतःच्या अंगठ्यानं गोल वाढवत नेला. तो दुकानातून पवनीभर पसरला, पवनीतून वैनगंगेवर गेला, नदी ओलांडून पलीकडच्या शेतांत शिरला, आणि इकडे चिचटोल्यावरून पुढे निघून गेला. झालं. मंगळवारी पहाटेपासून मोबाईल ओरडू लागला: तुम्ही चष्म्याच्या दुकानाजवळ आहात! देवाजी गोठ्यात गेला, तरी तो चष्म्याच्या दुकानाजवळ होता. परसाकडे गेला, तरी चष्म्याच्या दुकानाजवळ. म्हशीनं पहिल्या दिवशी बुजून दूध चोरलं. दुसऱ्या दिवशी तिला त्या घंटेची अशी सवय लागली की घंटा वाजल्याशिवाय ती पान्हाच सोडेना. पुढं महिनाभर तिच्या कानाशी मोबाईल धरून दूध काढावं लागलं.

दिवसभर ओरडणाऱ्या माणसाचं कोणी ऐकत नाही, तसंच मोबाईलचं झालं. देवाजी मंगळवारी पवनीला जाऊन आला. तिथंही तो ओरडलाच. पण देवाजीनं त्याच्याकडे कवडीचं लक्ष दिलं नाही.

"हा ॲप नाई, हा साळा आहे," तो म्हणाला. "कामाचं एक नाई, आन आवाज गावभर."

"कोणाचा साळा?" भिंतीनं विचारलं.

दुसरं ॲप मेघानं नीट वाचून, पारखून घेतलं. अंतर शंभर मीटर ठेवलं आणि बापाला अंगठा लावू दिला नाही. या ॲपला सगळं अचूक कळायचं. फक्त ते कळण्यासाठी ते बॅटरी अशी प्यायचं, जसा नांगरावरून सुटलेला बैल पाणी पितो. बुधवारी अर्ध्या रस्त्यात मोबाईल काळा पडला. देवाजी हुशार माणूस. पवनीत पोचल्यावर तो आधी एका मोबाईलच्या दुकानात गेला, चार्जिंगला लावला, आणि म्हणाला, "तासाभरानं येतो." त्या तासाभरात बाजार फिरला, ओळखीचे भेटले, आणि तो घरी आला.

"चष्मा?" मेघानं विचारलं.

देवाजीनं खिसा चाचपला. चष्मा नव्हता. मोबाईलही नव्हता.

याद देणारी वस्तूच जो विसरून येतो, त्याला याद कोण देणार? या प्रश्नावर केवळरामनं दोन दिवस गावात भाषण केलं. गुरुवारी देवाजी मोबाईल आणायला गेला आणि बरोब्बर मोबाईलच घेऊन आला. ज्या कामाला गेला ते काम करून आला, असा तो आठवड्यातला एकच दिवस. म्हणून त्याला रागवायचं कसं, हेच मेघाला कळेना. तिनं नुसतं कपाळ धरलं.

"आता हे पाह्य," केवळराम ओट्यावर बसून म्हणाला. "माया भाच्याकडे एक ॲप आहे. त्याच्याशी बोलाचं. मराठीत बोलाचं. बायकोसारखं ऐकते."

"बायकोसारखं?" देवाजी घाबरला.

"दुसऱ्याच्या बायकोसारखं."

मेघानं तेही टाकलं. बटण दाबून बोलायचं, की ते बाईच्या आवाजात 'ठीक आहे' म्हणायचं. देवाजीला तो आवाज फार आवडला. गेल्या दोन वर्षांत त्याला घरात कोणी 'ठीक आहे' म्हटलं नव्हतं. तो मोबाईल तोंडाशी धरून म्हणाला, "पवनीले सोमाजीच्या दुकानात आलो का चष्म्याची याद देजो व बाई."

"ठीक आहे."

शुक्रवारी चमत्कार झाला. सोमाजीच्या दुकानासमोर गाडी आली आणि खिशातून आवाज आला: "चष्मा घ्या." देवाजीनं भर रस्त्यात मोबाईलचा मुका घेतला आणि छाती काढून दुकानात शिरला.

"चष्मा दे सोमाजी!"

"पावती दे देवाजी."

"कोणती पावती?"

"चष्मा टाकताना दिली होती ते. गुलाबी."

पावती घरी होती. कॅलेंडरच्या खिळ्याला टोचलेली. देवाजीनं दुकानातूनच फोन लावला आणि मेघानं लाखांदुरातून सोमाजीला विनवलं: पावतीचा मी घरी जाऊन फोटो पाठवते, चष्मा देऊन टाका.

"फोटो दाखवशील तं चष्म्याचाही फोटोच देईन बाई," सोमाजी म्हणाला. आणि त्याचंही बरोबर होतं. मागच्या साली पावती न पाहता त्यानं एका आनंदाबाईचा चष्मा दुसऱ्या आनंदाबाईला दिला होता. त्या दुसऱ्या बाईला त्यातून इतकं लांबचं दिसू लागलं, की नवरा वावरात जातो म्हणून कुठं जातो हे तिला ओसरीवरून दिसलं. घर मोडता मोडता राहिलं. तेव्हापासून सोमाजी सख्ख्या भावालाही पावतीशिवाय चष्मा देत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी मेघानं पावती काढून बापाच्या सदऱ्याच्या खिशात घातली. देवाजीनं तिच्यासमोर मोबाईल घेतला आणि नव्या बाईला निरोपही दिला. आता दुहेरी बंदोबस्त झाला म्हणून सगळे झोपले. शनिवारी सकाळी देवाजीनं सदरा बदलला.

आनंदाबाई ओसरीवरच होती. खुंटीवरच्या जुन्या सदऱ्याच्या खिशातून गुलाबी कागद डोकावत होता. तो तिला दिसला नाही. आणि दिसला असता तरी ती बोलली नसती.

"येतो बरं," देवाजी म्हणाला आणि गेला. पवनीत दुकानासमोर बाई बोलली, "चष्मा घ्या." सोमाजी बोलला, "पावती." देवाजी हात हलवत सोळा किलोमीटर परत आला, अंगणात गाडी लावली, पायातली चप्पल काढली. आणि तेव्हा, खिशातून, गोड आवाजात: "पावती घ्या."

देवाजीनं मोबाईल काढला आणि धानाच्या तणसाच्या ढिगात फेकला. ढिगातून पुन्हा आवाज आला: "पावती घ्या."

"आता!" तो ढिगावर ओरडला. "आता कायले सांगून राहिली? जाताना तोंडात धान भरलं होतं का तुया?"

मेघा घरी येईपर्यंत तो ढिगाला शिव्या देत बसला होता. तिनं मोबाईल शोधून काढला, तणस झटकलं, आत जाऊन पाहिलं.

"बाबा, तुमी याले काय सांगतलं होतं?"

"जे सांगाचं तेच. मी घरून येतो तवा पावतीची याद देजो."

मेघा खालीच बसली. "अवो, याच्यात दोनच असते. जाताना, नाईतर येताना. तुमी 'येतो' म्हटलं. तो म्हणते, घरी आले की सांगतो."

"मंग निघताना माणूस काय म्हणते? येतोच म्हणते ना?"

"याले 'जातो' म्हणा लागते."

सुपात तांदूळ निवडणारी आनंदाबाई थांबली.

"घरून जातो म्हणू?" देवाजी हळूच म्हणाला. "जितेपणी?"

"मोबाईलले म्हणाचं आहे, बाबा. यमाले नाई."

"माया आजा एकदा 'जातो' म्हणून निघाला," ओट्यावरून केवळराम म्हणाला. तो तिथं कधी येऊन बसला ते कोणालाच माहीत नव्हतं.

"मंग?"

"मंग का? भंडाऱ्याले गेला. तिथंच दुसरी बायको केली. आला नाई."

"बरं, तुमी तोंडानं बोलूच नोका," मेघा म्हणाली. "इथं बटण आहे 'जाताना'. मी दाबते."

"खबरदार!" आनंदाबाईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "उद्या घरात शुभ काम, आन हे पोट्टी बापाच्या नावानं 'जाताना' लिहून ठेवते. लिहिलेलं बोलल्यापेक्षा वाईट असते."

"तं मंग तूच सकाळी याद दे ना त्याइले!"

"म्या शपथ घेतली आहे."

मेघानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मग वर आढ्याकडे. केंद्रात ती तीस पोरांना संगणक शिकवायची. एकानंही तिला असं कधी छळलं नव्हतं. शेवटी तीच तोडगा घेऊन आली. घरापासून दोन हाकांवर बोडी होती, गावचं लहान तळं. पवनीचा रस्ता तिच्या बांधावरून, पाळीवरूनच जायचा. "पाळीवर 'आले' की सांगेल. यायचंच आहे ना? कोणी जात नाई. विसरले असाल तं तिथून मागे फिराचं." यात कोणाला अशुभ सापडेना. केवळरामनं प्रयत्न केला, पण त्यालाही सापडलं नाही.

रविवारी पाहुणे अकराला येणार. सोमाजीचं दुकान रविवारी बारापर्यंत. देवाजी नऊला निघाला. "येतो बरं!"

पाळीवर आवाज आला: "पावती घ्या." देवाजीनं खिसा पाहिला, पावती नव्हती. तो आनंदानं ओरडत मागे फिरला, खुंटीवरच्या सदऱ्यातली पावती काढली, पुन्हा "येतो बरं" म्हणाला आणि निघाला. पाळीवर आवाज आला: "पावती घ्या."

"घेतली."

"पावती घ्या."

देवाजीनं गाडी उभी केली. खिशातून गुलाबी पावती काढली आणि मोबाईलच्या तोंडासमोर धरली. "हे काय आहे? दिसते का? का तुलेही मोतिबिंदू झाला?"

"पावती घ्या."

"अव घेतली ना व भवाने!"

"कोणाले दाखवून राहिले जी?" मागून कोणीतरी विचारलं.

दोन मोटारसायकली येऊन उभ्या होत्या. एकीवर पिळदार मिशांचे गृहस्थ, दुसरीवर पांढऱ्या सदऱ्यातला जवान आणि त्याच्या मागे पर्स धरून बसलेली बाई. "आमाले देवाजीभाऊच्या घरी जायचं आहे," मिशावाले म्हणाले. "मी केशवराव, पोराचा मामा. थोडे लवकर आलो. मी नेहमी लवकरच येतो."

घरी आलेल्या पाहुण्याला रस्ता दाखवून यजमान पवनीला निघून गेला, असं चिचटोल्यात आजवर झालं नव्हतं. देवाजीला मुकाट्यानं परत फिरावं लागलं. हातात पावती, खिशात ती बाई.

पोहे झाले, चहा झाला. मनिषची आई बेबीबाई मुलाचं कौतुक सांगत होती. "मायं पोरगं म्हणजे कोणतंच काम विसरत नाई. कारखान्यात सायेब म्हणते, मनिषले सांगतलं का झालं." देवाजी प्रत्येक वाक्याला खाली पाहत होता.

मग केशवराव म्हणाले, "तं वहिनी, पोरगा पसंत आहे ना?"

"कसं सांगू?" आनंदाबाई म्हणाली. "मले तं धुक्यातल्या बुजगावण्यासारखे दिसून राहिले तुमी सारे. माया चष्मा पवनीले आहे. तो यीन तवा सांगीन."

"आन तो कवा येते?"

"हे मेघाच्या बापाले विचारा."

देवाजीनं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच त्याला एकही जुनी म्हैस आठवेना. तेवढ्यात मनिष उठला. त्यानं देवाजीच्या मुठीतली घामानं ओली झालेली पावती हळूच सोडवून घेतली, मोटारसायकलीची चावी उचलली, आणि दारात वळून म्हणाला, "येतो, आई." बेबीबाईला म्हणाला का आनंदाबाईला, ते कळलं नाही. दोघींनीही "ये बाबा" म्हटलं.

तो गेल्यावरचा तास देवाजीनं कसा काढला, ते त्यालाच ठाऊक. दर पाच मिनिटांनी तो दारात जाई. वांगी घेऊन आला तर? सोमाजीनं चहा पाजला तर? मेघा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाळीकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती.

पावणेबाराला मनिष आला. हातात डबी.

आनंदाबाईनं चष्मा चढवला. पहिली नजर गेली ती देवाजीवर. ती दोन पावलं मागे सरली. "माय! तुमी इतके पांढरे कवा झाले?" मग तिनं मनिषला पाहिलं, केसांपासून चपलेपर्यंत, सावकाश, जसं बाजारात बी-बियाणं पाहतात. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पायलं," ती म्हणाली. एवढंच.

आता यातून काय समजायचं? पाहुणे अवघडून उठले. "बरं, येतो आमी." केशवराव सगळ्यात आधी निघाले, कारण ते नेहमी लवकरच निघत. मनिषनं किक मारली. बेबीबाई पदर सावरून, पर्स काखेत मारून मागच्या सीटवर बसायला एक पाय उचलणार, तोच गाडी पुढे सरकली. मनिषनं मेघाच्या खिडकीकडे एकदा वळून पाहिलं, लाजला, आणि भरधाव निघून गेला.

बेबीबाई अंगणात उभी. पाय अजून थोडा उचललेलाच.

दूर पाळीकडे धूळ उडत होती आणि आनंदाबाई नव्या चष्म्यातून ती बघत होती. देवाजीनं आशेनं तिच्याकडे पाहिलं.

"बोलून राहिला," आनंदाबाई म्हणाली. "मागे मान वळवून काहीतरी सांगून राहिला पाहा मायले. अन् आता पाळीवर थांबला. उतरला. सीटवर हात फिरवून पाहून राहिला." तिनं चष्मा नाकावर वर सरकवला. "आता डोक्याले हात लावला. फिरला."

गाडी परत येत होती, गेली त्याच्या दुप्पट वेगानं.

बेबीबाई लाजेनं लाल झाली होती. "असं कधी नाई झालं व बाई. तो कधीच..."

"राहू द्या हो ताई," आनंदाबाई म्हणाली. "आमचे हे तं घरी येऊन पाणी मागत बसले होते. तिसऱ्या गिलासाले याद आली. हा पाळीवरून परतला. पुष्कळ सुधारणा आहे. माया हो आहे."

मनिष अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा त्याला मान वर करता येईना. देवाजीनं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतकं जवळचं माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. मेघा बाहेर आली. कोणाकडे न बघता तिनं मनिषसमोर हात पुढे केला.

"मोबाईल द्या तुमचा," ती म्हणाली. "एक ॲप टाकून देते. आन त्याले 'येतो' म्हणू नोका."